खारीचे आईवेगळे पिल्लू: आधी ऊब, मग आई, शेवटी दूध

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घराच्या, गोठ्याच्या किंवा बागेच्या आसपास सापडणारे खारीचे पिल्लू हे पट्टेवाल्या खारीचे असते. पाठीवर तीन किंवा पाच फिकट पट्टे, वीतभर अंग, जवळजवळ तेवढीच झुपकेदार शेपटी आणि पूर्ण वाढीनंतरही साधारण शंभर ग्रॅम वजन, असा हा प्राणी. तिच्या कुळातल्या आणखी दोन खारी सह्याद्रीत राहतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू पुणे जिल्ह्यातल्याच भीमाशंकरच्या जंगलात आढळतो. पुढच्या-मागच्या पायांमधला कातडीचा पडदा ताणून रात्री झाडावरून झाडावर तरंगत जाणारी उडती खारही घाटातल्या उंच, ढोल्या असलेल्या झाडांवरच टिकते. पर्जन्यछायेतल्या या दोन तालुक्यांत तशी दाट झाडी नाही. इथे खारीचे घर म्हणजे कडुनिंब, चिंच, वड, बाभूळ, नीरा डाव्या कालव्याकाठची जुनी झाडे, डाळिंब-पेरूच्या बागा आणि माणसाच्या घराची वळचण.

आईवेगळ्या पिल्लाला जगवण्याची मूळ तत्त्वे मात्र या तिन्ही खारींना सारखीच लागू पडतात. पिल्लू आधी उबदार करायचे, मग त्याची आई शोधायची आणि ती येतच नाही अशी खात्री झाली तरच दुधाकडे वळायचे. बहुतेक पिल्ले दगावतात ती हा क्रम उलटा झाल्यामुळे.

पिल्लू खाली का येते

खार वर्षातून एकाहून अधिक वेळा विते. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात पिल्ले जास्त दिसतात. एका वेतात साधारण दोन-तीन पिल्ले असतात. गवत, काथ्या, कापूस, चिंध्या असे जे मिळेल ते ओढून आणून मादी गोल घरटे करते. फांदीच्या बेचक्याखेरीज पत्र्याखालची फट, दुकानाच्या शटरची पेटी, विजेच्या मीटरची पेटी, महिनोन्‌महिने न हललेल्या अवजाराचा कोपरा अशा जागाही तिला चालतात.

संकट येते ते याच जागांवर. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते. रस्तारुंदीकरणात किंवा बांध साफ करताना झाड पडते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची अडगळ उपसली की घरटेच हातात येते. मांजर किंवा कावळा पिल्लू उचलतो आणि मधेच टाकतो. फळबागेवर पसरलेल्या जाळीत मादी अडकून मेली तर घरट्यातली पिल्ले भुकेने बाहेर सरपटू लागतात. प्रसंग वेगळे असले तरी बहुतेकांत एक गोष्ट समान असते. आई जिवंत असते, जवळच असते आणि पिल्लू शोधत असते.

पहिला अर्धा तास

पिल्लू दिसले की आधी सावली द्यावी, मुंग्या लागल्या असतील तर मऊ कापडाने काढून टाकाव्यात आणि जखम आहे का ते पाहावे. त्यानंतर हाताचा स्पर्श करून अंग गार आहे की गरम, ते तपासावे. अंगावर केस नसलेल्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाची पचनसंस्था जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे अशा वेळी पोटात गेलेले दूध पचत नाही. ते आत आंबते, पोट फुगते आणि पिल्लू दगावते.

बुटाच्या खोक्याला भोके पाडावीत. आत जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे मऊ तुकडे घालावेत. टॉवेल वापरू नये, कारण त्याच्या फासांत नखे अडकतात. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे गरम झाल्यास पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ही बाटली दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत परिस्थिती उलटी असते. या भागात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त तापते. तेव्हा बाटलीची गरज नसते. खोके घरातल्या सर्वांत थंड खोलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर ठेवावे. पिल्लू हातपाय पसरून, तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते तापले आहे. अंग आखडून गार पडले असेल तर त्याला ऊब हवी आहे.

आईची वाट

माणसाचा हात लागलेले पिल्लू आई स्वीकारत नाही, ही समजूत चुकीची आहे. खार आपले पिल्लू पोटाकडून तोंडात धरते आणि एकेक करून दुसऱ्या घरट्यात हलवते. एका वेळी एकापेक्षा अधिक घरटी तिला ठाऊक असतात, म्हणून जुने मोडले तरी तिच्याकडे पर्याय असतो.

ऊब मिळालेले, जखम नसलेले पिल्लू एका छोट्या उघड्या टोपलीत ठेवून ती टोपली पडल्या जागेच्या अगदी जवळच्या झाडाला डोक्याएवढ्या उंचीवर बांधावी. उन्हाची तिरीप येणार नाही, मांजराला पोहोचता येणार नाही आणि मुंग्यांची रांग नसेल अशी फांदी निवडावी. मग घरातल्या सगळ्यांनी, कुत्र्या-मांजरांसह, लांब जावे. पिल्लाची बारीक चिरचिर हीच आईला हाक असते. दोन-तीन तास दुरून नजर ठेवावी, मधल्या काळात पिल्लू गार पडत असेल तर बाटली बदलावी. पट्टेवाली खार दिवसा वावरणारा प्राणी आहे. अंधार पडल्यावर ती येणार नाही, म्हणून संध्याकाळी सापडलेले पिल्लू रात्रभर घरात उबेत ठेवून सूर्य उगवताच पुन्हा त्याच जागी न्यावे.

झाड तोडायचेच असेल तर आधी घरटी पाहून, पिल्ले डोळे उघडून बाहेर पडेपर्यंत ते काम पुढे ढकलता आले तर हा सगळा खटाटोपच टळतो.

आई मेलेली दिसली, पिल्लाला मांजराने तोंडात धरले होते, रक्त येत आहे किंवा दिवसभर वाट पाहूनही कोणी आले नाही, तरच ते पिल्लू खरोखर पोरके मानावे. मांजराच्या दातांची जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तिच्यातून गेलेले जंतू एक-दोन दिवसांत रक्तात पसरतात. अशा पिल्लाला त्याच दिवशी पशुवैद्याकडून प्रतिजैविक मिळाले नाही तर ते सहसा वाचत नाही.

वय कसे ओळखावे

संगोपनातला प्रत्येक निर्णय वयावर ठरतो. जन्मलेले पिल्लू गुलाबी, केसरहित, डोळे-कान मिटलेले आणि दहा ग्रॅमपेक्षाही हलके असते. काही दिवसांत कातडीवर पट्ट्यांच्या पुसट रेषा उमटतात. दोन आठवड्यांच्या आसपास अंगावर मखमलीसारखी लव येते. साधारण तीन आठवड्यांनी डोळे उघडतात. त्यानंतर शेपटी झुपकेदार होऊ लागते, पुढचे दात कुरतडायला शिकतात आणि पिल्लू कापडावर चढू लागते. आठ-दहा आठवड्यांत ते दुधावरून पूर्णपणे सुटते.

वजनासाठी एक ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा हवा. ओळखीच्या सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. रोज सकाळी, पहिल्या दुधाआधी वजन करून लिहून ठेवावे. सलग दोन दिवस वजन वाढले नाही, तर काहीतरी बिघडले आहे हे पिल्लू मलूल दिसण्याआधीच कळते.

दूध: कोणते, किती, कसे

उबदार झालेल्या पिल्लाला पहिल्यांदा दूध नव्हे, पाणी लागते. पाठीवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच सपाट झाली नाही, तर अंगातले पाणी कमी झाले आहे. पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात केलेले ओआरएसचे कोमट पाणी थेंबाथेंबाने, पहिल्या एक-दोन वेळा द्यावे.

बारामती-इंदापूर हा दूधधंद्याचा पट्टा. साहजिकच पहिला हात जातो तो गाईच्या दुधाकडे. मात्र खारीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने कितीतरी जास्त आणि दुग्धशर्करा कमी असते. गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते आणि एवढ्याशा अंगातले पाणी काही तासांत संपते. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय असून पाळीव प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात ती मिळते. ती मिळेपर्यंत एखाद-दुसरी वेळ शेळीच्या दुधात पाणी घालून निभावता येते, पण त्यावर पिल्लू वाढवू नये. बाळांचे गोड डबाबंद अन्न, साखर घातलेले दूध किंवा बिस्किटाची पेज कधीही देऊ नये.

एका वेळचे दूध पिल्लाच्या वजनाच्या विसाव्या भागाएवढे असावे. वीस ग्रॅमच्या पिल्लाला एक मिलिलिटर, पंधरा ग्रॅमच्या पिल्लाला पाऊण मिलिलिटर. गुलाबी पिल्लाला दर दोन तासांनी, लव आलेल्याला तीन तासांनी आणि डोळे उघडल्यावर चार तासांनी द्यावे. अगदी लहान पिल्लासाठी रात्रीही एक-दोन वेळा उठावे लागते. भुकटी प्रत्येक वेळी ताजी कालवावी आणि दूध मनगटावर कोमट लागेल इतपतच गरम असावे.

पाजण्यासाठी सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज सर्वांत सुरक्षित. ड्रॉपरमधून एकदम घळकन दूध येते. पिल्लू कधीही उताणे धरू नये. पोटावर किंवा किंचित उभे, डोके वर, असे धरून ओठाशी थेंब टेकवावा आणि ते ओढेल तेवढेच सोडावे. नाकातून दूध बाहेर आले तर लगेच थांबावे, डोके खाली करून नाक पुसावे. फुफ्फुसात गेलेला एक थेंबही न्यूमोनियाला पुरतो. श्वास घेताना टिकटिक आवाज येणे किंवा तोंड उघडून श्वास घेणे ही त्याची खूण आहे आणि तेव्हा पशुवैद्य गाठावाच लागतो.

डोळे न उघडलेल्या पिल्लाला स्वतःहून लघवी-शी करता येत नाही. आई चाटून ते घडवून आणते. प्रत्येक दुधाच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा शेपटीखाली हलकेच फिरवावा. हे काम राहून गेले तर दूध कितीही चांगले असले तरी पिल्लू फुगून मरते.

दुधाकडून झाडाकडे

डोळे उघडल्यावर दुधाच्या जोडीला मऊ फळाचा तुकडा, भिजवलेली डाळ, कोवळी पाने ठेवावीत. फळ बाजारातले असेल तर फवारणीचे अंश जावेत म्हणून नीट धुवावे. पुढे उंबर, वडाची फळे, निंबोळ्या, बाभळीच्या शेंगा, शेवग्याची फुले आणि बारीक किडे असे इथल्याच झाडांवरचे अन्न द्यावे, कारण उद्या तेच शोधायचे असते. नुसते शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया दिल्या तर कॅल्शियम कमी पडते, हाडे वाकतात, मागचे पाय लुळे पडतात. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस कुरतडायला ठेवणे आणि रोज कोवळे ऊन देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

या टप्प्यावर माणसाने हात आखडता घ्यायचा असतो. खांद्यावर खेळवणे, मुलांच्या हातात देणे, मांजराशेजारी बसवून फोटो काढणे यांतून पिल्लाची भीती मोडते. भीती मोडलेली खार बाहेर पडल्यावर पहिल्याच मांजराचे भक्ष्य होते. फांद्या, सालपट आणि लाकडी घरटे असलेला मोठा जाळीदार पिंजरा इतर खारी दिसतील अशा झाडाखाली ठेवावा. दहा-बारा आठवड्यांच्या, बिया स्वतः फोडणाऱ्या आणि माणूस दिसताच लपणाऱ्या खारीसाठी एका स्वच्छ सकाळी दार उघडावे. काही दिवस अन्न आणि घरटे तिथेच राहू द्यावे. ती येते-जाते आणि मग एक दिवस येत नाही.

मदत आणि कायदा

खार कितीही घरगुती वाटली तरी ती वन्य प्राणी आहे आणि ती पाळायची नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मुळे वन्य प्राण्यांना कायद्याचे संरक्षण आहे. संगोपन तात्पुरते असले तरी वनविभागाला कळवावे. राज्य वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी त्यासाठी आहे. जखमी पिल्लांसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना पहिला आधार असतो. मोठ्या खारीने चावा घेतला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

खारीचा नियम प्रत्येक पिल्लाला लावता येत नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूरची कडबनवाडी येथील माळरानांवर चिंकारा आपले पाडस गवतात निजवून चरायला जाते. सशाचे पिल्लूही असेच निश्चल पडून असते. ती पोरकी नसतात, त्यांना उचलूच नये. ऊसतोडीत सापडणारी ठिपकेदार किंवा करड्या रंगाची पिल्ले अनेकदा रानमांजराची असतात, क्वचित बिबट्याची. तिथे तोड थांबवून वनविभागाला बोलवावे. जुन्नर भागात बिबट्याची अशी पिल्ले त्याच शेतात ठेवून आईच्या हवाली करण्याचे काम वनविभाग आणि वन्यजीव संस्था अनेक वर्षे करीत आल्या आहेत. माणसे लांब गेली की अंधार पडल्यावर मादी येते आणि पिल्ले घेऊन जाते.

वीस ग्रॅमच्या खारीलाही तेवढीच संधी द्यायला हवी. पिल्लू हाती आले की दुधाची वाटी शोधण्याआधी एक फडके, एक कोमट बाटली आणि झाडाला बांधायला एक टोपली शोधावी. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते.