स्वारी बँकॉकला, बिल भाईंदरला

२०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. आत ७०० हून अधिक तरुण-तरुणी कामावर होती. ७० जणांना अटक झाली. काम काय चालायचं? अमेरिकेत दिवस उजाडला की इकडून फोन लावायचा, तिकडच्या आयकर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा अधिकारी असल्याचं अमेरिकी उच्चारात सांगायचं, कर थकलाय, आता पोलीस दारात येतील म्हणून घाबरवायचं. मग समोरच्याला दुकानात पाठवून आयट्यून्सची गिफ्ट कार्डं घ्यायला लावायची आणि त्यांवरचे आकडे फोनवर वाचून घ्यायचे. झाले पैसे वसूल!

छाप्यांनंतर अमेरिकेच्या बेटर बिझनेस ब्युरोकडं येणाऱ्या अशा फोनच्या तक्रारी तब्बल ९५ टक्क्यांनी घसरल्या. अहमदाबादेतल्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या अशाच दुसऱ्या जाळ्यातल्या २१ जणांना २०१८ मध्ये अमेरिकेत शिक्षा झाली, त्यातली सगळ्यात मोठी २० वर्षांची.

आपल्या मीरा-भाईंदर शहरानं ही चाल इतक्या जवळून पाहिली आहे की तिचे तीन भाग इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवेत: सरकारी नाव, घाई आणि पैसे मागायची भलतीच रीत. परदेशात गेलेला माणूस या तिन्हींना चटकन बळी पडतो. तिथली आणि इथली वेळ जुळत नाही, घराची काळजी डोक्यात असते आणि इथली बिलं काही थांबत नाहीत.

आज रात्री साडेनऊला वीज कापणार!

हा मेसेज २०२२ पासून देशभर फिरतोय. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, रात्री साडेनऊला वीज जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. नंबर साधा दहा आकडी मोबाइलचा. फोन केला की ॲप उतरवायला सांगतात, आणि त्या ॲपमधून तुमचा अख्खा स्क्रीन समोरच्याला दिसायला लागतो. दुबईत बसलेल्या मुलाला हा मेसेज आला तर त्याच्या डोळ्यांसमोर अंधारात बसलेले आई-बाबा येतात, आणि तो फोन लावतो.

आता यावरचा उतारा. वीज कायदा, २००३ चं कलम ५६ सांगतं की बिल थकलं तरी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे ‘आज रात्री’ हा शब्दच खोटेपणाचा पुरावा. मीरा-भाईंदरमध्ये वीज अदानीची किंवा टाटा पॉवरची (ऑगस्ट २०१८ पर्यंत अदानीच्या जागी रिलायन्स होती), पाइपचा गॅस महानगर गॅसचा, पाणी महापालिकेचं. यातल्या कुणाच्याही नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर ती उघडायची नाही, नुसती डिलीट करायची. बिल पाहायला कुठलीही फाइल फोनमध्ये बसवावी लागत नाही.

आधी कोणतं बिल भरावं?

लोक विजेच्या बिलाची धास्ती घेतात, पण उशीर खरा महाग पडतो तो दुसरीकडं. महापालिकेचा मालमत्ता कर थकला की कायद्यानं दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. सोसायटीच्या मेंटेनन्सवर २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणं वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला निघालेल्या आजी-आजोबांनी म्हणूनच आधी हे दोन हिशेब मिटवावेत आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना ई-मेल देऊन ठेवावा.

बाकीची बिलं ऑटो-पेवर टाकता येतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की कार्डातून आपोआप पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवलंच पाहिजे. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, वरच्या रकमेला लागतो. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलांसाठी ही मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये १ लाखावर नेली. शिवाय परदेशातल्या मुलांना इथल्या घरच्यांची बिलं तिथूनच थेट भरता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये भारत बिल पेमेंट व्यवस्थेचं दारही उघडलं. याच व्यवस्थेचं नाव आता भारत कनेक्ट.

वीस रुपयांत वाचणारा नंबर

या सगळ्या लेखातली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ही. बँक, आधार, आयकर, यूपीआय, सगळं ज्या एका दोरीला बांधलेलं आहे ती दोरी म्हणजे तुमचा मोबाइल नंबर. प्रीपेड सिम सलग ९० दिवस अजिबात वापरलं नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. पण दूरसंचार नियामक ट्रायचा २०१३ पासूनचा नियम असा की मुख्य शिल्लक किमान २० रुपये असेल, तर ते २० रुपये कापून मुदत ३० दिवसांनी वाढते. पोस्टपेडवाल्यांना नंबर ‘सेफ कस्टडी’त ठेवायची सोय आहे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो. तुमच्या बँकेचे मेसेज मग कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजायला लागतील! वीस रुपयांसाठी हा धोका का घ्यायचा?

दुसरी गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नाही. दूरसंचार विभागाच्या २०२२ च्या आदेशामुळं सिम बदललं की नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. चोरानं तुमच्या नावानं सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये, हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण तुम्ही स्वतः विमानतळावर जायच्या दिवशी साध्या सिमचं ई-सिम करून घेतलंत, तर तेच २४ तास तुम्हाला आडवे येतात. तेव्हा हे काम आठवडाभर आधी उरकावं. परदेशात असताना जुना फोन विकून नवा घेण्याचा मोहही टाळावा. यूपीआय ॲप नव्या फोनवर चालू करताना भारतीय सिमवरून एसएमएस जावा लागतो.

ओटीपी न मागता पैसे जातात

भारतात ऑनलाइन कार्ड वापरताना ओटीपीसारखी दुसरी खात्री १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची आहे, म्हणून आपल्याला वाटतं जगभर तसंच असेल. तसं नाही. परदेशी वेबसाइटवर कित्येकदा कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम भागतं. यावर ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डधारकाच्या हातात एक बटण आहे: बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय वापर’ चालू-बंद करता येतो, रकमेची मर्यादाही घालता येते. निघताना चालू, परतल्यावर टॅक्सीत बसल्या बसल्या बंद.

आणि दुकानदारानं मशीन पुढं करून ‘रुपयांत घेऊ की इथल्या चलनात?’ असं विचारलं, तर बेधडक तिथलं चलन सांगा. रुपयांतला सोयीचा दिसणारा दर बहुतेक वेळा महागच असतो.

आयफेल टॉवरखाली यूपीआय

परदेशात यूपीआय सगळ्यात आधी पोचलं भूतानला, २०२१ मध्ये. २ फेब्रुवारी २०२४ ला पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी त्याची सुरुवात झाली, १२ फेब्रुवारीला श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये. मात्र ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करावा लागतो. आखातातल्या, अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या अनिवासी भारतीयांना एनआरई-एनआरओ खात्याशी तिथलाच मोबाइल नंबर जोडून यूपीआय वापरायची मुभा २०२३ पासून मिळाली. भारतातलं सिम जिवंत ठेवायची त्यांची मोठी धावपळ त्यामुळं वाचली.

फुकटाचे पैसे

१ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी साइटवर मोफत आहे. सिंगापूरचंही मोफत. तरीही हुबेहूब दिसणाऱ्या साइट त्यासाठी पैसे उकळतात, आणि जाता जाता पासपोर्टचे तपशीलही घेतात. पैसे मागितले की समजायचं, पत्ता चुकला.

आपल्या बँकांचं खरं ठिकाण ओळखणंही आता सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं होतं.

बोर्डिंग पासचा फोटो

ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये आपल्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. एका जाणकारानं त्यातल्या बुकिंग क्रमांकावरून विमान कंपनीच्या साइटवर जाऊन त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर शोधून काढला, आणि भल्या मनानं त्यांना कळवलं. सगळेच इतके भले नसतात. शिवाय ‘आम्ही पंधरा दिवस युरोपला!’ हे जगाला सांगणं म्हणजे फ्लॅटला कुलूप आहे हेही सांगणं. फोटो परतल्यावर टाकावेत, तेवढेच लाइक येतात.

राजू आणि चाळीस चोर

हे नाव सिनेमाचं वाटेल, पण ही रिझर्व्ह बँकेच्या मुंबईच्या लोकपाल कार्यालयानं २०२२ मध्ये काढलेली पुस्तिका आहे. फसवणुकीच्या चाळीस गोष्टी, चित्रांसकट. विमानात वाचायला झकास, आणि मागं राहिलेल्या आई-बाबांना पाठवायला त्याहून झकास.

तरीही पैसे गेलेच तर

सगळ्यात आधी बँकेला फोन. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा, कारण फोनच चोरीला गेला तर फोनमध्ये जपलेला नंबर काय कामाचा? मग इथल्या घरच्यांनी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा नंबर लावावा आणि प्रवाशानं राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. मीरा-भाईंदर, वसई-विरारचं पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र आहे, तेव्हा तक्रारीच्या पाठपुराव्यासाठी ठाण्याला खेटे घालावे लागत नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची खबर कामकाजाच्या ३ दिवसांत दिली तर तुमची जबाबदारी शून्य, आणि रक्कम १० कामकाजी दिवसांत तात्पुरती खात्यात जमा व्हायला हवी. ओटीपी तुम्हीच सांगून बसलात, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून मध्यरात्र असो की विमान सुटायची वेळ, फोन त्याच क्षणी करायचा आणि तक्रार क्रमांक, तारीख, वेळ लिहून घ्यायची.