ऋतुनिवृत्तिकाल आणि अवधानन्यूनता
'एडीएचडी' या नावाने ओळखला जाणारा अवधानन्यूनतेचा विकार केवळ बालवयापुरता मर्यादित नसतो. मेंदूच्या अग्रभागातील अवधानाचे व नियोजनाचे कार्य डोपामिन या द्रव्यावर बव्हंशी अवलंबून असते आणि इस्ट्रोजेन त्यास साहाय्यभूत होते. ऋतुनिवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेनचे प्रमाण अनियमितपणे चढते-उतरते व अखेर घटते. अशा वेळी टिपणे, शिस्त व अतिश्रम यांच्या बळावर वर्षानुवर्षे झाकलेली उणीव उघडी पडू शकते. तथापि २०१३ च्या अमेरिकन निदानसंहितेनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसलेली असावी लागतात. चाळिशीनंतर प्रथमच आलेले विस्मरण या व्याख्येत बसत नाही. म्हणूनच स्त्रीच्या तक्रारीस 'वयाचा परिणाम' म्हणण्यापूर्वी तिच्या शालेय जीवनाची चौकशी होणे अगत्याचे होय.