श्रोणि-अवयव भ्रंश

श्रोणि-अवयव भ्रंश म्हणजे स्त्रीच्या ओटीपोटातील गर्भाशय, मूत्राशय, मलाशय किंवा लहान आतडे यांपैकी एक वा अधिक अवयव आधार सैल झाल्यामुळे योनिमार्गात, आणि पुढे कधी कधी योनिमुखाबाहेर, उतरणे. मराठीत ही अवस्था ‘अंग बाहेर येणे’, ‘पिशवी खाली सरकणे’ किंवा नुसते ‘अंग उतरणे’ अशा शब्दांत सांगितली जाते. गर्भाशय उतरल्यास तिला गर्भाशयभ्रंश असे म्हणतात. हा विकार सहसा जीवघेणा नसतो. परंतु लघवी, शौच, शरीरसंबंध आणि श्रमाची कामे यांवर त्याचा परिणाम होतो. लाजेमुळे तो वर्षानुवर्षे सांगितला जात नाही. बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेवाचूनही आराम मिळू शकतो.

रचना व कारणे

श्रोणीच्या तळाशी लेव्हेटर एनाय या स्नायूंचा एक पाळणा असतो. पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत तो पसरलेला असून वरच्या अवयवांचे ओझे तो पेलतो. त्याच्या जोडीला गर्भाशयमुख आणि योनीचा वरचा भाग श्रोणीच्या भिंतींना बांधून ठेवणारे अस्थिबंध असतात. स्नायू बळकट असताना अस्थिबंधांवर फारसा ताण येत नाही. स्नायू फाटले किंवा दुबळे झाले की सारे ओझे अस्थिबंधांवर पडते आणि कालांतराने तेही ताणले जातात.

योनिमार्गाने झालेली प्रसूती हे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. लांबलेली प्रसूती, मोठे बाळ, चिमट्याचा वापर आणि वारंवार बाळंतपणे यांनी धोका वाढतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने ऊती पातळ होतात. जुनाट खोकला, बद्धकोष्ठतेमुळे शौचास जोर करणे, स्थूलता आणि सतत जड ओझे उचलणे यांमुळे पोटातील दाब वारंवार वाढतो. काही स्त्रियांत संयोजी ऊती जन्मतःच सैल असतात. त्यामुळे मूल न झालेल्या तरुणीतही हा विकार आढळू शकतो.

प्रकार व श्रेणी

योनीची पुढची भिंत मूत्राशयासह खाली आल्यास त्यास सिस्टोसील, मागची भिंत मलाशयासह आल्यास रेक्टोसील, आणि आतड्याची घडी उतरल्यास एन्टरोसील म्हणतात. गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रीत योनीचे शिखरच खाली येऊ शकते. तो शिखरभ्रंश होय. एकाच रुग्णात दोन-तीन प्रकार एकत्र असणे सामान्य आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पीओपी-क्यू या मोजणीपद्धतीत योनिपटलाची पातळी हा आधारबिंदू मानून शून्य ते चार अशा श्रेणी ठरवल्या जातात. चौथ्या श्रेणीत अवयव जवळजवळ पूर्ण बाहेर असतो. श्रेणी आणि त्रास यांचे प्रमाण नेहमी सारखे नसते. उपचार त्रासावरून ठरतात, केवळ श्रेणीवरून नव्हे.

लक्षणे

खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटणे किंवा हाताला गोळा लागणे हे सर्वांत विशिष्ट लक्षण होय. सकाळी हलके वाटते, दिवसभर उभे राहून काम केल्यावर जडपणा वाढतो आणि आडवे पडल्यावर तो कमी होतो. लघवी पूर्ण न होणे, वारंवार जावे लागणे, खोकताना लघवी सुटणे, शौचाच्या वेळी बोटाने आधार द्यावा लागणे, कंबर ओढल्यासारखी वाटणे अशा तक्रारीही आढळतात. बाहेर राहिलेल्या भागाला कपड्याचे घर्षण होऊन व्रण पडू शकतो.

लघवी अजिबात न होणे, ताप व दुर्गंधीयुक्त स्राव येणे, बाहेर आलेला भाग आत न जाणे किंवा काळसर पडणे आणि रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणे या स्थितींत तातडीने तपासणी आवश्यक असते. शेवटच्या लक्षणात कर्करोगाची शक्यता वगळावी लागते.

वऱ्हाडातील संदर्भ

पातूर हा अकोला जिल्ह्यातील तालुका असून ते गाव अकोला–वाशीम मार्गावर, अकोल्याच्या दक्षिणेस आहे. या भागात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके आहेत. निंदण, वेचणी आणि सोंगणी ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हातची. निंदणात तासन्‌तास उकिडवे बसावे लागते. वेचणीत कमरेच्या ओटीत कापूस साठत जातो आणि शेवटी गाठोडे डोक्यावर घेऊन चालावे लागते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाखोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट असल्याने गोड्या पाण्याच्या घागरी दुरून आणण्याचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांवर पडले आहेत. यातील प्रत्येक काम एकट्याने विकार घडवते असे म्हणता येत नाही. मात्र आधीच सैल झालेल्या आधारावर त्याचा ताण पडतो आणि लक्षणे वाढतात.

बाळंतपणानंतर सव्वा महिना विश्रांतीची रूढी मराठी समाजात आहे. माहेर जवळ नसलेल्या किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या स्त्रीला ती अनेकदा लाभत नाही. पोट घट्ट बांधण्याने श्रोणीचे स्नायू बळकट होत नाहीत. उलट फार आवळून बांधल्यास खाली दाब वाढतो.

दुखणे लपवण्याची सवय किती खोल आहे, याचा पुरावा विदर्भातूनच आला. गडचिरोली जिल्ह्यात राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, यापूर्वी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास केवळ भ्रंशाबद्दलचा नव्हता. तरी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे पाहिले पाहिजे, हा विचार त्यामुळे जगभर मांडला गेला.

दैनंदिन व्यवस्थापन

सौम्य व मध्यम भ्रंशात पहिला उपचार म्हणजे श्रोणितल स्नायूंचा व्यायाम. अमेरिकी वैद्य आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली त्याचा पुरस्कार केला. गुदद्वारातून वायू सुटू नये म्हणून जसे आवळून धरले जाते, तसे स्नायू आत आणि वर ओढून सुमारे दहा सेकंद धरायचे व तितकाच वेळ सोडायचे. सुरुवातीला तीन-चार सेकंदही पुरतात. आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा हा क्रम करावा लागतो. या वेळी श्वास रोखणे, पोट किंवा मांड्या आवळणे आणि खाली जोर देणे टाळायचे असते. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम नियमित करू नये. परिणाम दिसण्यास तीन-चार महिने लागतात. ब्रिटनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या व दुसऱ्या श्रेणीसाठी किमान १६ आठवड्यांचा देखरेखीखालील कार्यक्रम सुचवला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ४४७ स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत व्यक्तिगत प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांचा त्रास वर्षअखेरीस कमी आढळला. पूर्ण बाहेर आलेला अवयव मात्र केवळ व्यायामाने वर जात नाही.

खोकण्यापूर्वी, शिंकण्यापूर्वी किंवा घागर उचलण्यापूर्वी क्षणभर स्नायू आवळून घेणे उपयोगी ठरते. ओझे कमरेत वाकून न उचलता गुडघे वाकवून, शरीराजवळ धरून आणि श्वास सोडत उचलावे. एका मोठ्या गाठोड्याऐवजी दोन लहान खेपा कराव्यात. कामाच्या मध्ये काही मिनिटे आडवे पडल्याने जडपणा ओसरतो.

बद्धकोष्ठता टाळणे हा व्यवस्थापनाचा मोठा भाग आहे. ज्वारीची भाकरी, सालीसह डाळी, पालेभाज्या, पेरूसारखी फळे आणि पुरेसे पाणी यांनी शौच मऊ राहते. शेतात आडोसा नसल्याने अनेक मजूर स्त्रिया दिवसभर पाणी पिणे टाळतात. त्यामुळे बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग दोन्ही वाढतात. तंबाखू सोडणे, चुलीचा धूर टाळणे, जुन्या खोकल्याची तपासणी करणे आणि वाढलेले वजन कमी करणे हेही उपचाराचेच भाग होत.

पेसरी

पेसरी ही योनीत बसवायची, बहुधा सिलिकॉनची कडी असते. ती अवयवांना खालून टेकू देते. योग्य मापाची पेसरी बसल्यावर रुग्णास ती जाणवत नाही आणि शेतकाम, प्रवास, लघवी-शौच नेहमीप्रमाणे करता येते. कडीच्या आकाराची पेसरी ठेवून शरीरसंबंधही शक्य असतो. शस्त्रक्रिया नको असलेल्या, ती पुढे ढकललेल्या, गरोदर किंवा वयामुळे धोका असलेल्या स्त्रियांसाठी ती उपयुक्त आहे. स्त्रीला स्वतः ती काढून साबण-पाण्याने धुऊन परत बसवता येते. असे स्वव्यवस्थापन दवाखान्यातील देखभालीइतकेच समाधानकारक असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसले. स्वतः काढणे जमत नसल्यास साधारण तीन ते सहा महिन्यांनी तपासणी लागते. विसरून राहिलेली पेसरी ऊतीत रुतू शकते, म्हणून बसवल्याची नोंद घरातील एका विश्वासू व्यक्तीलाही ठाऊक असणे हिताचे असते. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणासाठी वैद्य इस्ट्रोजेन मलम देतात.

शस्त्रक्रिया

त्रास मोठा असल्यास आणि इतर उपायांनी आराम न पडल्यास शस्त्रक्रिया केली जाते. तिचे प्रकार वय, अपत्याची इच्छा आणि भ्रंशाचे स्थान यांवरून ठरतात. या क्षेत्रात मराठी शल्यविशारदांचे योगदान मोठे आहे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत कार्यरत असलेले विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) हे गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी जगप्रसिद्ध आहेत. गर्भाशय टिकवून ठेवणारी त्यांची झोळी-शस्त्रक्रियाही भारतात रुजली. तीत गर्भाशयाचा मागचा भाग पट्टीने त्रिकास्थीच्या वरच्या कडेशी जोडला जातो. मुंबईच्याच पुरंदरे यांच्या पद्धतीत पट्टी पुढच्या बाजूने पोटाच्या स्नायूंवरील आवरणाला जोडतात. कमी वयाच्या, मूल हवे असलेल्या स्त्रियांना अशा पद्धतींनी गर्भाशय गमवावे लागत नाही.

योनिमार्गातून जाळी बसवण्याच्या पद्धतीत वेदना व जाळी उघडी पडणे अशा तक्रारी वाढल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये भ्रंशासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. पोटातून बसवल्या जाणाऱ्या पट्ट्यांना हा आदेश लागू नव्हता.

‘पिशवी काढणे’ हा प्रत्येक भ्रंशावरील उपाय नाही. आधार दुरुस्त न करता केवळ गर्भाशय काढल्यास पुढे शिखरभ्रंश होऊ शकतो. सोबत अंडाशयेही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या संदर्भात राज्य शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ साली ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे नोंदवले. त्यामागे नाना कारणे होती. अनावश्यक गर्भाशयविच्छेद रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी स्वीकाराव्यात, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. पर्यायी उपचार समजावून सांगितले जाणे आणि दुसऱ्या वैद्याचे मत घेता येणे हा रुग्णाचा अधिकार होय.

प्रतिबंध व सेवा

प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून प्रसूती, बाळंतपणांत पुरेसे अंतर, प्रसूतीच्या वेळी पोटावर हाताने दाब देणे टाळणे आणि प्रसूतीनंतर व्यायामाचे शिक्षण हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीच्या दुसऱ्या टप्प्यात असा दाब देण्याची शिफारस करीत नाही.

गावपातळीवर आशा स्वयंसेविका आणि परिचारिका या पहिल्या संपर्काच्या व्यक्ती असतात. पातूर परिसरातील रुग्णांना पुढील तपासणीसाठी अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उपलब्ध आहेत. अमरावतीत ‘डफरीन’ या नावाने ओळखले जाणारे जिल्हा स्त्री रुग्णालय आहे.

इतिहास व सामाजिक पैलू

सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या वीस योनिव्यापदांपैकी प्रस्रंसिनी ही अवस्था भ्रंशाशी जुळते. पाश्चात्त्य वैद्यकातही निरनिराळ्या पदार्थांच्या पेसऱ्या प्राचीन काळापासून वापरात होत्या. आधुनिक काळात नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली गर्भाशयभ्रंशाचा प्रश्न स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्याच्या हक्काशी जोडला आणि शासनास उपाययोजना करण्याचा आदेश दिला. त्यामुळे हा विकार केवळ वैयक्तिक दुखणे न राहता श्रम, पोषण आणि घरातील निर्णयाधिकार यांच्याशी निगडित सार्वजनिक प्रश्न म्हणून पाहिला जाऊ लागला.