खेळता-वाचता (भाग 9) : कॅमेऱ्यामागची आई

‘माइनक्राफ्ट’ या व्हिडिओ गेमच्या शेवटी पडद्यावरून सरकत जाणाऱ्या ज्युलियन गॉफच्या कवितेची या आठवड्यात पाळी होती. ती पुढे ढकलावी लागते आहे, कारण मध्येच सांगलीहून एक पत्र आले. स्टीफन सेक्स्टनच्या संग्रहाचा गेल्या वेळी ओझरता उल्लेख झाला, तेवढ्यावर पत्रलेखिकेने तो मागवला, वाचायला घेतला आणि विचारले, ‘जिने आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळला नाही, तिने या कविता वाचायच्या कशा?’

या प्रश्नाला आख्खा भाग देण्यासारखा आहे.

सेक्स्टन उत्तर आयर्लंडचा, बेलफास्टचा कवी. ‘इफ ऑल द वर्ल्ड अँड लव्ह वेअर यंग’ हा त्याचा पहिला संग्रह पेंग्विनने 2019 साली काढला आणि त्याच वर्षी पहिल्या संग्रहासाठीचे फॉरवर्ड पारितोषिक त्याला मिळाले. नाव घेतले आहे वॉल्टर रॅलीच्या कवितेतून. मेंढपाळाच्या लाडिक आमंत्रणाला एका तरुणीने दिलेले उत्तर, अशी ती जुनी कविता. फुले कोमेजतात, ऋतू सरतात, म्हणून ती नकार देते. सेक्स्टनच्या शीर्षकातला ‘वर्ल्ड’ मात्र एकाच वेळी दोन ठिकाणी राहतो. एक रॅलीच्या ओळीत आणि दुसरा ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ या 1990 सालच्या खेळात.

संग्रह म्हणजे आईसाठीचे शोककाव्य. ती 2012 मध्ये गेली. पण अनुक्रमणिकेत मृत्यूचा मागमूस नाही. तिथे योशीज आयलंड, डोनट प्लेन्स, व्हॅनिला डोम अशी खेळातल्या टप्प्यांची नावे ओळीने येतात. खेळाचा नायक मारिओ ज्या नकाशावरून चालतो, त्याच नकाशावरून कविताही चालतात.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या ‘टीव्ही गेम’मध्ये कॅसेट घालून जो मारिओ खेळला जायचा, तो 1985 सालचा. ती यंत्रे 8 बिटांची होती. सेक्स्टन ज्यावर खेळला ते सुपर निन्टेंडो हे यंत्र 16 बिटांचे, आणि म्हणून त्याची प्रत्येक ओळ 16 अक्षरांची! हे कळल्यावर मराठी वाचकाने थांबून बोटे मोजावीत. 16 अक्षरे म्हणजे बरोबर अनुष्टुभाचा अर्धा श्लोक. ओवी-अभंगांवर वाढलेल्या कानाला अक्षरे मोजणे नवे नाही. इंग्रजी छंदाची नेहमीची सवय आघात मोजण्याची, त्यामुळे तिथे हा हिशेब सहज ऐकू येत नाही. यंत्रातला बिट जसा खेळणाऱ्याला दिसत नाही, तसाच हा हिशेब ओळीच्या तळाशी काम करत राहतो. खेळाच्या क्षमतेची मोजपट्टी घेऊन कवीने शोकाला माप दिले, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी जुनी होत नाही.

आता सांगलीचा प्रश्न. संग्रहाच्या आरंभी कवी एका छायाचित्राविषयी सांगतो. लहानगा स्टीफन दूरदर्शन संचासमोर बसून हाच खेळ खेळतो आहे. चित्र काढले आहे आईने. म्हणजे ती चित्रात नाही, पण चित्रातला प्रत्येक बिंदू तिच्या नजरेतून आलेला आहे. मुलगा पडद्यात गुंगलेला, आई मुलात. खेळ न खेळलेली वाचक नेमकी तिच्याच जागी उभी असते. टोपीवाला मारिओ कुठे उडी मारतो आणि का, हे तिला ठाऊक नसते. खेळणाऱ्याचा चेहरा तेवढा ती ओळखते. ही पुस्तक वाचण्याची कमअस्सल जागा मुळीच नाही.

तरीही एखादा तपशील माहीत असला तर कविता आणखी उघडते. खेळात ‘फॉरेस्ट ऑफ इल्युजन’ नावाचे रान आहे. तिथला टप्पा नेहमीच्या दाराने पार केला की वाट गोल फिरून त्याच रानात आणते. बाहेर पडायचे तर लपलेली किल्ली शोधून ती कुलपाच्या भोकापर्यंत उचलून न्यावी लागते. आप्ताच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा घातलेल्या कोणालाही हे रान परके वाटणार नाही.

दुसरा तपशील आणखी बारीक. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’च्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते. किल्ला किंवा भुतांचे घर जिंकले की खेळ विचारतो, इथवरचे जपून ठेवायचे का? जपलेले सगळे त्या बॅटरीच्या जोरावर टिकते. यंत्र बंद असो, माळ्यावर पडलेले असो, बॅटरी आपली थोडी थोडी झिजत राहते. एके दिवशी ती संपते. खेळ मग पुन्हा सुरू होतो, पण पहिल्या बेटापासून. मुलाने जिंकलेले किल्ले त्यात उरलेले नसतात.

पत्रलेखिकेने संग्रह अर्ध्यावर ठेवला असेल, तर व्हॅनिला डोमपासून पुढे वाचायला हरकत नाही. कोडी सोडवत बसू नये. ओळी मोठ्याने म्हणाव्यात आणि बोटांवर सोळापर्यंत मोजावे. गॉफ आणि माइनक्राफ्टचा ड्रॅगन पुढच्या आठवड्यात.