वायूच्या टाकीत वसलेली घरे

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. या शहराच्या सिमरिंग भागात विटांच्या चार प्रचंड गोल इमारती ओळीने उभ्या आहेत. प्रत्येकीची उंची सुमारे ७० मीटर आणि व्यास सुमारे ६० मीटर. आज त्यांत शेकडो कुटुंबे राहतात. पण १८९६ ते १८९९ या काळात त्या बांधल्या गेल्या वायू साठवण्यासाठी!

हवेचा संपर्क टाळून दगडी कोळसा तापवला, की ज्वलनशील वायू मिळतो. रस्त्यांवरचे दिवे आणि पुढे घरांतल्या शेगड्याही या वायूवर चालत. मागणी दिवसभर सारखी नसे. म्हणून साठा लागे. तो कसा करीत?

बादलीतल्या पाण्यात प्लास्टिकचा हलका पेला बुडवून पूर्ण भरा व उपडा करा. आता नळीने त्याच्याखाली हवा फुंका. पेला वर उचलला जाईल. वायुटाकीचे तत्त्व हेच. पाण्याच्या हौदात लोखंडाचे अवाढव्य भांडे उपडे ठेवलेले असे. वायू भरला, की ते वर चढे. वायू वापरला, की खाली उतरे. भांड्याच्या वजनाने वायूवर दाब राही आणि तो नळांतून शहरभर जाई. प्रत्येक टाकीत ९०,००० घनमीटर वायू मावे.

मग विटांची भिंत कशाला? कडाक्याच्या थंडीत हौदाचे पाणी गोठले, तर भांडे अडकून बसेल! वारा, हिम आणि थंडी यांपासून रक्षण करणारा तो टाकीचा कोटच होता.

पुढे शहरात नैसर्गिक वायू आला आणि १९८४ मध्ये टाक्या बंद पडल्या. मात्र १९७८ मध्येच त्यांना संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला होता. त्यामुळे भिंती राखून आत घरे बांधायचे ठरले. अडचण होती उजेडाची. एवढ्या रुंद इमारतीच्या मध्यापर्यंत तो पोचणार कसा?

१९९९ ते २००१ या काळात चौघा वास्तुशिल्पकारांनी किंवा त्यांच्या संस्थांनी एकेका टाकीत हे कोडे सोडवले. झाँ नूव्हेल यांनी आत चकचकीत धातूचे पृष्ठभाग योजून प्रकाश परावर्तित केला. व्हिल्हेल्म होल्त्सबाउअर यांनी घरे मधोमध तीन दिशांना पसरवली आणि भिंतीलगत बागांना जागा सोडली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावात एखादी बंद गिरणी किंवा गोदाम असेल, तर बाहेरून नीट पाहा. भिंती भक्कम आहेत का? उजेड कोठून येईल? वारा कसा खेळेल? वहीत आराखडा काढा आणि तो शिक्षकांना दाखवा.