सुवासिक मेणबत्त्यांचा गृहोद्योग

मराठी घराला सुगंधाची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटेचे उटणे, देवघरातील उदबत्ती, उन्हाळ्यात माठात सोडलेला वाळा, चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा आणि वारकऱ्याच्या कपाळावरील बुक्का यांच्या रूपाने सुगंध येथील नित्य व्यवहारात मिसळून गेला आहे. या परंपरेत अलीकडे सुवासिक मेणबत्तीची भर पडली आहे. वीज गेल्यावर फडताळातून शोधून काढावयाची मेणबत्ती आता काचेच्या पेल्यात बसून, सुगंध लेवून, भेटवस्तू म्हणून दुकानात मांडली जाते. थोड्या भांडवलात, घरच्या स्वयंपाकाच्या साधनांनिशी आणि फावल्या वेळात करता येण्याजोगा हा उद्योग असल्याने महिला बचत गटांचे लक्ष तिकडे वेधले जाणे स्वाभाविक आहे.

मेणबत्ती तयार करणे चार-सहा दिवसांत शिकता येते. परंतु तिच्या विक्रीतून घराला नियमित हातभार लागावा, ही त्यापुढची आणि खरी कसोटी होय. दिवाळीपूर्वी उत्साहाने सुरू झालेला उद्योग संक्रांतीपर्यंत थंडावण्याची कारणे बहुधा मेणात नसतात. ती कच्च्या हिशेबात, अपुऱ्या दक्षतेत आणि बाजाराच्या अज्ञानात असतात. गावपातळीवर अशा गटांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी या तिन्ही बाजू नीट समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मेण : तीन प्रकार

मराठीत ‘मेण’ हा शब्द मुळात मधमाश्यांच्या पोळ्यातील मेणासाठी आहे. हे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअस तपमानाला वितळते आणि त्याला स्वतःचाच मंद मधुर गंध असतो. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. अशा मधपाळ गावांत मधाबरोबर मेणही हाती येते आणि त्याच्या मेणबत्तीला पर्यटकांत चांगले मोल मिळू शकते. मात्र हे मेण थोडे आणि महाग असल्याने सर्वसाधारण उत्पादनासाठी त्यावर विसंबून राहता येत नाही.

बाजारातील बहुसंख्य मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात. खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे हे मेण भारतात आसाममधील दिग्बोई आणि नुमालीगड येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत तयार होते. साच्यात ओतून उभी मेणबत्ती करावयाची असल्यास कठीण, म्हणजे ५८ ते ६० अंशांना वितळणारे पॅराफिन घ्यावे. पेल्यातील मेणबत्तीसाठी त्याहून मऊ मेण चालते.

तिसरा प्रकार सोयाबीनच्या मेणाचा. शहरी ग्राहक वनस्पतिजन्य म्हणून त्याला पसंती देतो. आपल्याकडे सोयाबीन विपुल पिकते, तेव्हा हे मेण गावातच करता येईल, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. सोयाबीन तेलावर हायड्रोजनची रासायनिक प्रक्रिया करून ते घट्ट करावे लागते आणि हे काम कारखान्यातच होऊ शकते. गटाला हे मेण विकतच आणावे लागेल, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

सुगंधाची निवड

सुगंधी द्रव्यांच्या बाबतीत महाराष्ट्राला स्वतःचा इतिहास आहे. खानदेशात नंदुरबार, पिंपळनेर या भागांत एकोणिसाव्या शतकात रोशा गवतापासून तेल काढण्याचा व्यवसाय चालत असे. गवती चहा, सिट्रोनेला, वाळा यांपासूनही ऊर्ध्वपातनाने तेल निघते. या विषयाचे शास्त्रोक्त शिक्षण देणारे सुगंध व सुरस विकास केंद्र केंद्र शासनाने १९९१ साली अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कनौज येथे स्थापन केले.

मेणबत्तीत मात्र कोणतेही सुगंधी द्रव्य चालत नाही. कपड्यांना लावावयाच्या अत्तरात किंवा फवाऱ्यात मद्यार्क अथवा पाणी असू शकते. पाणी मेणात मिसळत नाही आणि त्यामुळे वात तडतडते; मद्यार्क तर गरम मेणाजवळ पेट घेऊ शकतो. यासाठी मेणबत्तीकरिता म्हणून तयार केलेले तेलकट सुगंधी द्रव्यच घ्यावे. त्याचे प्रमाण मेणाच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के ठेवावे व १० टक्क्यांच्या वर नेऊ नये. अधिक घातल्याने सुगंध वाढत नाही. तेल पृष्ठभागावर पाझरते आणि ज्योत भडकते. रंगही तेलात विरघळणाराच हवा.

करण्याची रीत

मेण प्रत्यक्ष आचेवर कधीही वितळवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे भांडे ठेवावे, म्हणजे मेणाचे तपमान उकळत्या पाण्याच्या पलीकडे जात नाही. मेण पूर्ण वितळून ७५ ते ८० अंशांवर आले की भांडे खाली उतरवावे, सुगंधी तेल घालावे आणि दोन मिनिटे सावकाश ढवळावे. पेल्याच्या तळाशी वात मधोमध बसवून ती वरून काडीच्या आधाराने सरळ धरावी. मेण ६० ते ६५ अंशांपर्यंत निवल्यावर ओतावे. फार गरम ओतल्यास मध्यभागी खड्डा पडतो, तर फार थंड ओतल्यास पृष्ठभाग खडबडीत होतो. तपमान अंदाजाने ठरवू नये. साधा तपमापक ही या उद्योगातील पहिली खरेदी असावी.

वातीची निवड ही या कामातील सर्वांत नाजूक बाब होय. जाड वातीने ज्योत मोठी होऊन काजळी धरते. बारीक वात वितळलेल्या मेणात बुडून विझते. म्हणून प्रत्येक नव्या पेल्यासाठी, नव्या मेणासाठी आणि नव्या सुगंधासाठी दोन-तीन जाडीच्या वाती लावून प्रत्यक्ष जाळून पाहावे. पेल्याचा व्यास जितके इंच असेल, साधारण तितक्या तासांत वितळलेले मेण कडेपर्यंत पोहोचावे, असा ठोकताळा आहे. तयार मेणबत्ती लगेच विक्रीस न काढता पॅराफिनची काही दिवस, तर सोयाबीनच्या मेणाची सुमारे दोन आठवडे मुरू द्यावी. त्यामुळे सुगंध मेणात बसतो.

आगीशी व्यवहार

मेण हे इंधन आहे, याचा विसर पडता कामा नये. मेण तापत असताना तेथून उठून जाऊ नये. पेटलेल्या मेणावर पाणी ओतल्यास पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चोहोकडे उडते. अशा वेळी शेगडी बंद करून भांड्यावर झाकण टाकावे. वाळूची बादली हाताशी ठेवावी. सुती कपडे, बांधलेले केस आणि बाहेर जाण्याचा मोकळा मार्ग हे नियम घरीही पाळावेत. लहान मुलांना या कामाजवळ येऊ देऊ नये.

ग्राहकाच्या सुरक्षिततेची जबाबदारीही उत्पादकावर येते. शोभेसाठी मेणात खोवलेली वाळकी फुले, दालचिनीच्या काड्या ज्योतीपाशी पोहोचल्या की पेटतात. चिरा गेलेला किंवा पातळ काचेचा पेला उष्णतेने तडकतो. मेणबत्ती पडद्यापासून दूर ठेवावी आणि पेटती सोडून जाऊ नये, ही सूचना प्रत्येक वेष्टनावर मराठीत असावी.

पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी केकवर लावावयाच्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली आणि अनेक महिला कामगार मृत्युमुखी पडल्या. अशा मेणबत्तीत शोभेच्या दारूसारखे स्फोटक मिश्रण असते. साध्या मेणबत्तीशी तिचे केवळ नावापुरते साम्य आहे. कोणत्याही व्यापाऱ्याने असे काम घरी करावयास दिले, तर कितीही मजुरी मिळत असली तरी ते निक्षून नाकारावे. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावात असे काम कोठे चालत नाही ना, याकडे लक्ष पुरविले पाहिजे.

श्रमाचा हिशेब

गृहोद्योगात सर्वांत अधिक दुर्लक्षित राहणारा खर्च म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या श्रमाचा. एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. यातील दर केवळ हिशेबाची पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक गटाने आपल्या भागातील दर घालावेत.

समजा, २ किलो मेणात १२० ग्रॅम सुगंधी तेल घालून प्रत्येकी १५० ग्रॅमच्या १४ मेणबत्त्या केल्या. मेणाचे ३६० रुपये, सुगंधी तेलाचे २४०, पेल्यांचे ४२०, वातींचे ४२, खोकी व चिठ्ठ्यांचे १६८ आणि इंधनाचे २० मिळून १,२५० रुपये होतात. म्हणजे नगास सुमारे ८९ रुपये. ही मेणबत्ती १२० रुपयांना विकली की नगामागे ३१ रुपये सुटले, असे गटाला वाटते.

आता राहिलेला खर्च मांडू. दोघींनी तीन-तीन तास काम केले. ताशी ६० रुपयांप्रमाणे ३६० रुपये श्रमाचे झाले. एकूण खर्च १,६१० रुपये. चौदांपैकी एक पेला तडकला, तर विकावयास तेरा उरतात आणि नगाचा खर्च १२४ रुपयांवर जातो. वाहतूक व विक्रीच्या जागेचे १० रुपये धरले, तर तो १३४ होतो. म्हणजे १२० रुपयांच्या विक्रीत नफा नसून नगामागे १४ रुपयांचा तोटा आहे आणि तो तोटा त्या दोघींनी आपल्या श्रमातून भरून काढला आहे. तोच माल दुकानदारास ३० टक्के अडतीवर द्यावयाचा, तर विक्रीची किंमत १९१ रुपयांच्या वर ठेवल्याखेरीज खर्चही निघणार नाही.

ज्या गटाची वही हा हिशेब दाखविते, तो गट वेळीच किंमत वाढवितो, पेला बदलतो किंवा ते उत्पादन सोडून देतो. ज्या गटाच्या वहीत श्रमाचा रकाना नाही, त्याला आपण तोट्यात आहोत हे कळतच नाही. उदबत्तीच्या व्यवसायातही हेच सूत्र लागू पडते. बाहेरून येणाऱ्या मालाला आळा घालण्यासाठी २०१९ साली उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि २०२० साली बांबूच्या काड्यांवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के करण्यात आले. परंतु केवळ कच्ची काडी वळून देणारीच्या हाती कमी पैसे पडतात; सुगंध देणे, वेष्टन आणि विक्री यांतच मूल्य वाढते.

कायद्याच्या बाबी

या उद्योगासाठी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य करता येते. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या मालावर २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे आवश्यक आहे. केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास, वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल तर राज्यांतर्गत विक्रीसाठी वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा लहान विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारपेठेतूनही राज्याच्या हद्दीत माल विकण्याची मुभा मिळाली आहे.

एक भेद मात्र स्पष्टपणे सांगितला पाहिजे. मेणबत्ती, उदबत्ती किंवा वाळ्याची सुगंधी पिशवी ही एक बाब झाली. उटणे, अंगाचा साबण, त्वचेला लावावयाचे तेल ही दुसरी. अंगाला लावावयाच्या वस्तूंचे विक्रीसाठी उत्पादन करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये परवाना लागतो. दिवाळीत उटण्याच्या पुड्या विकण्यास निघालेल्या गटाने अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी.

बाजारपेठ आणि सहाय्य

सुवासिक मेणबत्तीचा ग्राहक बहुधा शहरात, पर्यटनस्थळी आणि सणासुदीला भेटतो. दिवाळी व नाताळ हे तिचे मुख्य हंगाम. उरलेल्या महिन्यांत हात रिकामे राहू नयेत म्हणून वाळ्याच्या पिशव्या, धूप, उदबत्ती अशा पूरक वस्तूंची जोड द्यावी. सुगंधी पिशवीला विस्तव लागत नाही. नवख्या गटाने तेथूनच आरंभ करणे श्रेयस्कर. कार्यालयांच्या भेटवस्तूंची मागणी दिवाळीपूर्वी दोन महिने नमुने दाखवून मिळवावी लागते. बचत गटांच्या उत्पादनांची सरस प्रदर्शने विक्रीला उपयोगी आहेतच. पण ग्राहक काय उचलून पाहतो आणि काय खाली ठेवतो, हे समजण्यासाठीही ती पाहावीत.

प्रशिक्षणासाठी जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, ‘उमेद’ अभियान, जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी व ग्रामोद्योग मंडळ यांच्याकडे विचारणा करावी. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिला उद्योजकांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. अर्ज करतेवेळी चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रातून पाहून घ्यावेत. कर्ज मात्र पहिल्या हंगामाचा हिशेब हाती आल्यावरच काढावे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्यातून प्रशिक्षण, तपमापक, वजनकाटा आणि अग्निशामक साधन यांची सोय होऊ शकेल. गावात वापरात नसलेली पक्क्या भिंतींची, हवेशीर खोली मिळाल्यास हे धोक्याचे काम घराच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडेल. शिक्षकांचे सहाय्य तर सहज मिळण्याजोगे आहे. विज्ञानाचा शिक्षक द्रवणांक आणि तपमापक समजावून देऊ शकतो. गणिताचा शिक्षक एका संध्याकाळी श्रमाच्या रकान्यासह हिशेबाची वही आखून देऊ शकतो.

या उद्योगाने गावाचे दारिद्र्य हटेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु नीट हिशेब ठेवून, आगीची दक्षता घेऊन आणि ग्राहक ओळखून केल्यास घरखर्चाला हातभार लावण्याचे सामर्थ्य त्यात निश्चित आहे. मेणबत्तीची किंमत ठरविताना ती करणारीच्या हातांचे मोल त्यात धरलेले असावे, एवढी दृष्टी गटाला लाभली, तर पुढे तो गट मेणबत्तीऐवजी दुसरी कोणतीही वस्तू करू लागला तरी ती त्याच्या उपयोगी पडेल.