इंग्रजी क्रियापद आणि कालावधी

एखादी क्रिया कधी घडली हे काळ सांगतो, तर ती पुरी झाली की अजून चालू आहे हे दाखवणाऱ्या रूपाला भाषाशास्त्रात क्रियाव्याप्ती म्हणतात. शालेय व्याकरणातील इंग्रजीचे १२ काळ या दोहोंच्या मिश्रणातून तयार झालेले आहेत: भूत, वर्तमान आणि भविष्य हे ३ काळ आणि प्रत्येकाची साधे, चालू, पूर्ण व चालू पूर्ण अशी ४ रूपे. हा तक्ता विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो, पण कालावधी सांगायची वेळ आली की तो अडखळतो, आणि त्याचे कारण मराठीच्या घडणीत सापडते.

‘ती पाच वर्षांपासून बँकेत काम करते’ या वाक्यात क्रियापद वर्तमानकाळातच राहते आणि मागे पसरलेल्या पाच वर्षांचा सारा भार ‘पासून’ एकटा उचलतो. इंग्रजीत हा भार क्रियापदालाही उचलावा लागतो. म्हणून ‘शी वर्क्स इन अ बँक सिन्स फाइव्ह इयर्स’ हे भारतात सर्रास ऐकू येणारे वाक्य प्रमाण इंग्रजीत दोन ठिकाणी चुकते. पूर्वी सुरू होऊन आजपर्यंत टिकलेल्या क्रियेला तेथे पूर्ण वर्तमानकाळ लागतो, आणि ‘पासून’ची दोन कामे दोन शब्दांत वाटलेली असतात: ‘सिन्स’पुढे आरंभबिंदू येतो, जसे ‘सिन्स २०१५’, तर ‘फॉर’पुढे कालावधीची लांबी येते. त्यामुळे ‘शी हॅज वर्क्ड इन अ बँक फॉर फाइव्ह इयर्स’ हे शुद्ध रूप होय.

यातील ‘हॅज’ काढून टाकले, तर उरणारे ‘शी वर्क्ड इन अ बँक फॉर फाइव्ह इयर्स’ हे वाक्यही निर्दोषच असते, परंतु त्याचा अर्थ ती नोकरी संपली असा होतो. नोकरीच्या अर्जात असा एक शब्द गळाला, तर सध्याची नोकरी सोडल्याचा समज होऊ शकतो, आणि व्याकरणाची चूक नसल्यामुळे तो लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

उलट बाजूची अडचण ‘तो कालच आला आहे’ यासारख्या वाक्यांत दिसते. मराठीला ‘काल’ आणि ‘आला आहे’ एकत्र चालतात. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’ने काळ संपल्याचे एकदा सांगितले की ‘हॅज कम’ बसत नाही, ‘केम’च हवे. कालावधी सांगताना पूर्ण रूपाऐवजी चालू पूर्ण रूपही वापरतात, ते क्रियेच्या अखंडपणावर भर देते. पण ‘नो’सारखी स्थितिवाचक क्रियापदे, म्हणजे कृती न सांगता अवस्था सांगणारी, ते सहसा घेत नाहीत, म्हणून ओळख कितीही जुनी असली तरी ‘हॅव नोन’ असेच म्हणावे लागते.

शिक्षकांनी १२ काळांचा तक्ता घोकून घेण्याआधी ‘वर्क्ड’ आणि ‘हॅज वर्क्ड’ ही एकच जोडी मराठी वाक्यांशेजारी ठेवून नीट समजावून द्यावी.